आकाश शिकविणाऱ्यांचे शिक्षण : पाटण, सिहोर, कुलाबा, पुणे

खानदेशात चाळीसगावजवळच्या पाटण या गावी सापडलेला इ. स. १२०७ चा शिलालेख महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासात एका विशेष कारणासाठी मोलाचा आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या यादव राजा सिंघणाचे ज्योतिषी. आजोबांच्या सिद्धांतशिरोमणी आदी ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्या मठास उत्पन्न लावून दिले. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे. परंतु बाजारातून आणि तेलाच्या घाण्यांमागे मठास काय मिळावे, याचा तपशील मात्र जुन्या मराठीत कोरलेला आहे. ज्यांच्याकडून उत्पन्न यावयाचे, त्यांना ते वाचता यावे हाच हेतू असावा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख विद्वानांसमोर आणला. आजच्या भाषेत सांगावयाचे तर खगोलशास्त्राच्या अध्यापनासाठी केलेला तो एक विश्वस्त निधीच होय.

निधी उभा राहिला, ग्रंथ होते, शिष्यही मिळाले असतील. परंतु अशा कार्यात खरी अडचण नेहमी एकच असते. शिकविणारा कोठून आणावयाचा, आणि जे तो शिकविणार ते त्याला स्वतःला कितपत उमगलेले आहे? पाटणचा मठ किती काळ टिकला हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी पुढील काही शतकांत सिद्धांतग्रंथ समजून शिकविणाऱ्यांची संख्या घटत गेली, हे निश्चित. त्याचे एक कारण मोठे विलक्षण आहे. कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ रचला. ज्या आणि चाप यांचे किचकट गणित टाळून ग्रहांची स्थाने काढण्याची सोपी रीत त्यांनी दिली. ग्रंथ इतका सोयीचा ठरला, की पंचांग करणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. दोष ग्रंथाचा नव्हे. गणेश दैवज्ञ स्वतः मोठ्या योग्यतेचे ज्योतिर्विद होते. परंतु रीत हाती आली म्हणजे तिची उपपत्ती विचारण्याची गरज उरत नाही. ग्रहण केव्हा लागेल ते पळापर्यंत सांगणारा जोशी, ते का लागते असे विचारल्यास राहूकडे बोट दाखवी आणि त्यात त्याला काही विसंगती वाटत नसे. गणिताला पृथ्वीची छाया आणि कथेला राहू, अशी सोयीची वाटणी होऊन गेली होती.

या पार्श्वभूमीवर १८३४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध झाला. लेखक लान्सलॉट विल्किन्सन हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अधिकारी होते आणि भोपाळ संस्थानाशी संबंधित राजकीय कामासाठी सिहोरच्या छावणीत राहत असत. एतद्देशीयांच्या शिक्षणात सिद्धांतग्रंथांचा उपयोग कसा करावा, हा निबंधाचा विषय. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते : या देशातील लोकांना कोपर्निकसचे मत इंग्रजी पुस्तकांतून एकदम सांगितले, तर ते परक्याचे मत म्हणून बाजूला ठेवले जाईल. परंतु पृथ्वी गोल आहे, ती अवकाशात निराधार आहे, ग्रहण छायेमुळे होते, या गोष्टी भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्येच युक्तिवादासह सांगून ठेविल्या आहेत. मग शिक्षकाला प्रथम त्याच्याच शास्त्रातील ही पायरी चढू द्यावी. पुढची पायरी तो आपोआप चढेल.

येथे विद्यार्थ्याच्या आधी शिक्षकाचा विचार झालेला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. विल्किन्सन यांनी सिहोरच्या शाळेत जे पंडित गोळा केले, ते आधीच आपापल्या परीने गुरू होते. त्यांना पुन्हा विद्यार्थी करावयाचे, तेही त्यांचा मान न दुखावता, असे ते अवघड काम होते.

सिहोर येथे शिकविण्याचा क्रम तीन थरांचा होता. पहिला थर पुराणांचा : सपाट पृथ्वी, मध्यभागी मेरू, भोवती वलयाकार द्वीपे आणि समुद्र, आणि सूर्याच्याही वर चंद्र. दुसरा थर सिद्धांतांचा : ४९६७ योजने परिघाची गोल, पण स्थिर पृथ्वी. तिसरा थर कोपर्निकसचा : सूर्याभोवती फिरणारी पृथ्वी. पहिल्यावरून दुसऱ्यावर येणे हेच खरे कष्टाचे. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाणे तुलनेने सोपे, कारण पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये नावेतील माणसाचा दृष्टांत देऊन सांगितलेच होते. नंतरच्या आचार्यांनी ते मत स्वीकारले नाही, ही गोष्ट निराळी.

या विषयाच्या ओघात जैन ज्योतिषाचाही उल्लेख अपरिहार्य ठरतो. ‘सूर्यप्रज्ञप्ती’ या प्राकृत आगमात जंबूद्वीपावर दोन सूर्य आणि दोन चंद्र मानलेले आहेत. भास्कराचार्यांनी गोलाध्यायात या मताचा परामर्श घेतला आहे. ध्रुवाजवळचा मत्स्याकार तारकासमूह एका अहोरात्रात पूर्ण प्रदक्षिणा करतो, असे डोळ्यांनी दिसत असता दुसऱ्या सूर्याची कल्पना करण्याचे प्रयोजन काय, असा त्यांचा प्रश्न आहे. मतभेद स्पष्ट आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. परंतु त्याच सूर्यप्रज्ञप्तीत पाच वर्षांचे युग, अठरा आणि बारा मुहूर्तांचे मोठ्यात मोठे व लहानात लहान दिनमान, सावलीवरून काळ ठरविण्याची रीत अशी निरीक्षणाधिष्ठित सामग्री आहे, हेही तितकेच खरे. आणि परकीय विद्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी आपल्या शास्त्रभाषेत आणण्याचा प्रयोग विल्किन्सन यांच्या साडेचारशे वर्षे आधी एका जैन आचार्यांनीच केला होता. महेंद्रसूरी यांनी शके १२९२ मध्ये, म्हणजे इ. स. १३७० मध्ये, दिल्लीचा सुलतान फिरोजशाह तुघलक याच्या आश्रयाने ‘यंत्रराज’ हा ग्रंथ संस्कृतात लिहिला. मुसलमानी देशांतून आलेल्या अस्तरलाब या यंत्राची रचना आणि उपयोग त्यात सांगितलेला आहे. त्यांचे शिष्य मलयेंदुसूरी यांनी त्यावर टीका लिहून तो शिकण्यास सुलभ केला. कोणतेही यंत्र केवळ विकत आणून चालत नाही; ते शिकविणारा तयार करावा लागतो, हे त्या गुरुशिष्यांनी ओळखले होते.

आता सिहोरच्या शिक्षणपद्धतीकडे वळू. तिचा कणा म्हणजे शंकू. सपाट जमिनीवर बारा अंगुळे उंचीची काठी उभी करावयाची आणि विषुवदिनी, म्हणजे दिवस आणि रात्र समान असतात त्या दिवशी, मध्यान्ही तिची छाया मोजावयाची. हिला पलभा म्हणतात. प्रत्येक जोशाला आपल्या गावची पलभा पाठ असे, कारण तिच्यावाचून लग्न साधता येत नाही. पुण्याची पलभा सुमारे चार अंगुळे, उज्जयिनीची पाचाहून किंचित अधिक, काशीची साडेपाचाहून थोडी जास्त. आता पंडिताला इतकेच विचारावयाचे, की उत्तरेकडे जाता जाता ही छाया का वाढते? पृथ्वी सपाट आणि सूर्य फार दूर असेल, तर सर्व गावी छाया सारखीच पडावयास हवी. सूर्य जवळ आहे असे म्हणून सपाट पृथ्वी वाचविता येते, पण मग ग्रहणांचे आणि उदयास्तांचे गणित कोसळते. जे आकडे पंडित आयुष्यभर वापरीत आला, तेच त्याच्यासमोर साक्षीदार म्हणून उभे राहत. भास्कराचार्यांनी तर पुढे जाऊन सांगितले आहे, की निरक्ष देशापासून उज्जयिनी परिघाच्या सोळाव्या हिश्शावर आहे; तेव्हा ते अंतर मोजून सोळाने गुणावे, म्हणजे पृथ्वीचा परिघ मिळेल. सोळावा हिस्सा म्हणजे साडेबावीस अंश. आजच्या मोजणीने उज्जयिनीचा अक्षांश तेवीस अंशांहून किंचित जास्त भरतो. सिहोर जवळजवळ त्याच अक्षांशावर आहे. भास्कराचार्यांचे उदाहरण तेथील पंडितांना आपल्याच अंगणात पडताळून पाहता येण्यासारखे होते.

या मंडळीत अग्रभागी होते सुबाजी बापू. हे मराठी ब्राह्मण पंडित. त्यांनी गोलाध्याय आत्मसात केला, मग कोपर्निकसचे मत समजून घेतले, आणि १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. पुराणे, सिद्धांत आणि कोपर्निकस या तिन्ही मतांची तुलना करून तिसरे ग्राह्य ठरविणारा हा ग्रंथ एका पारंपरिक पंडिताने मराठीत लिहिला, ही घटना मराठी गद्याच्या इतिहासात जितकी ठळकपणे नोंदली जावयास हवी तितकी नोंदली गेलेली नाही. त्याच वाटेने जाणारे ओंकार भट्ट यांचे ‘भूगोलसार’ हे हिंदी पुस्तक १८४१ मध्ये आग्र्याहून निघाले. दोन्ही पुस्तके लिहिणारे स्वतः शिकविणारे होते, आणि दोघांनीही संस्कृत सोडून देशभाषा निवडली. पंडितांना पटविण्यासाठी संस्कृत पुरेसे होते. देशभाषेची निवड सांगते, की दृष्टी पंडितांच्या पलीकडील वाचकांवर होती.

सुबाजी बापूंच्या ग्रंथाने पुण्यात खळबळ झाली. तेथील नामांकित ज्योतिषी यज्ञेश्वरशास्त्री रोडे यांनी १८३७ मध्ये ‘अविरोधप्रकाश’ लिहून पुराणे आणि सिद्धांत यांत विरोध नाहीच, असे प्रतिपादन केले. ही भूमिका नवी नव्हती. महाभारताचे प्रसिद्ध टीकाकार नीलकंठ चतुर्धर, मूळचे गोदावरीकाठच्या कोपरगावचे, यांनीही सतराव्या शतकात असाच मेळ घालण्याचा प्रयत्न केला होता. रोडे यांना हटवादी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. ते सिद्धांत उत्तम जाणत होते. त्यांचा आक्षेप मुळाशी जाणारा होता : जर शास्त्राचा एक भाग चुकीचा म्हणून टाकून दिला, तर उरलेल्याचे प्रामाण्य कशावर उभे राहावयाचे? सुबाजी बापूंनी ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून उत्तर दिले. दोन पंडित छापील पुस्तकांच्या आधारे, भर समाजात, पृथ्वीच्या आकारावर वाद घालीत आहेत, हे दृश्य त्या काळी अपूर्वच होते.

सुबाजी बापूंच्या आयुष्याचा पुढचा भाग अधिक विचार करावयास लावणारा आहे. विल्किन्सन यांच्याप्रमाणेच मिशनरी मंडळींनाही वाटत होते, की जुना भूगोल ढासळला म्हणजे जुना धर्मही ढासळेल. १८३९ मध्ये जॉन म्यूर यांनी संस्कृतात ‘मतपरीक्षा’ लिहून ख्रिस्ती मताचा पुरस्कार केला. त्याला संस्कृतातूनच जे पहिले उत्तर आले ते सोमनाथ या नावाने लिहिलेले होते, आणि हे सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच, असे संशोधकांनी दाखविले आहे. कोपर्निकस स्वीकारणारा पंडित धर्म सोडावयास तयार नव्हता. त्याच वर्षी विल्किन्सन यांनी जातिभेदावर प्रहार करणारा ‘वज्रसूची’ हा जुना ग्रंथ छापण्याचे ठरविले, तेव्हा सुबाजी बापूंनी त्याचे खंडन करणारा ‘टंक’ लिहिला आणि तो त्याच पुस्तकात छापला गेला. पृथ्वीला फिरू देणाऱ्या या विद्वानाने वर्णव्यवस्था मात्र जागची हलू दिली नाही. आजच्या वाचकाला ही विसंगती खटकेल, आणि ती खटकावी हेच योग्य. तथापि एक गोष्ट तीतून निश्चित सिद्ध होते. सुबाजी बापू साहेबाच्या मर्जीसाठी मान डोलावणारे नव्हते. राजकीय अधिकाऱ्यासमोर पंडिताने दिलेला होकार कितपत मोकळा असतो, ही शंका सिहोरच्या साऱ्या प्रयोगाबद्दल घेता येते. सुबाजी बापूंच्या बाबतीत ती टिकत नाही.

विल्किन्सन यांचा निबंध निघाल्यानंतर वर्षाच्या आत, २ फेब्रुवारी १८३५ रोजी, मेकॉले यांचे प्रसिद्ध टिपण आले. त्यात या देशाच्या ज्योतिषाची थट्टा केलेली आहे. थट्टेचा रोख पुराणांतील भूगोलावर होता. भास्कराचार्यांचे नाव मेकॉले यांना ठाऊक असल्याचे टिपणावरून दिसत नाही. सरकारी धोरण इंग्रजीकडे वळले. सिहोरसारख्या शाळा त्या धोरणाच्या काठावर, एखाद्या अधिकाऱ्याच्या वैयक्तिक उत्साहावर तगून राहिल्या. १८४१ मध्ये विल्किन्सन यांचे निधन झाले आणि तो आधारही गेला. त्यांनी केलेले गोलाध्यायाचे इंग्रजी भाषांतर वीस वर्षांनी, १८६१ मध्ये, कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. ते तपासून सिद्ध करणारे विद्वान सिहोरचेच विद्यार्थी होते.

हे विद्यार्थी म्हणजे बापूदेवशास्त्री. मूळ नाव नृसिंह, आडनाव परांजपे, घराणे अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) गोदावरीकाठचे. जन्म १८२१ चा. नागपूर येथे धुंडिराज मिश्र यांच्यापाशी ते लीलावती आणि बीजगणित शिकत होते. विल्किन्सन यांनी त्यांची बुद्धी पाहिली आणि १८३८ मध्ये त्यांना सिहोरला नेले. तेथे सेवाराम यांच्यापाशी सिद्धांत आणि रेखागणित शिकून १८४२ च्या सुमारास ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले आणि १८८९ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. सिद्धांतशिरोमणीची शुद्ध आवृत्ती, सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर, त्रिकोणमिती आणि बीजगणितावरील पाठ्यग्रंथ, भास्कराचार्यांच्या तात्कालिक गतीच्या कल्पनेवरील १८५८ चा निबंध, अशी त्यांची ग्रंथसंपदा मोठी आहे. परंतु शिक्षक घडविण्याच्या दृष्टीने पाहता सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे काशीतील ती सत्तेचाळीस वर्षे. काशीस शिकलेला पंडित देशभर जाई. त्यांच्यानंतर त्यांच्या जागी आलेले सुधाकर द्विवेदी यांनी ही परंपरा विसाव्या शतकात नेली. महेंद्रसूरींचा ‘यंत्रराज’ टीकेसह छापून काढण्याचे श्रेय याच द्विवेदींकडे जाते. सिहोरची शाळा लहान होती आणि अल्पायुषी ठरली. पण तिने काशीला एक शिक्षक दिला, आणि तेवढ्याने तिचा खर्च भरून निघाला असे म्हणावयास हरकत नाही.

मुंबई इलाख्यात मात्र हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटत गेला. येथे आधार सिद्धांतग्रंथांचा नव्हता, वेधशाळेचा होता. बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली शिक्षक तयार करून १८२६ च्या सुमारास चोवीस जणांची पहिली तुकडी जिल्ह्यांत धाडली. त्याच वर्षी कुलाब्याची वेधशाळा उभी राहिली. जहाजांच्या घड्याळांना अचूक वेळ पुरविणे हे तिचे मूळ काम. शिक्षणाशी तिचा काही संबंध नव्हता. तो संबंध जोडला गेला तो माणसांमुळे.

बाळशास्त्री जांभेकर हे ‘दर्पण’चे संपादक म्हणून सर्वांना परिचित आहेत. ते एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवीत, आणि प्राध्यापक ऑर्लिबार यांच्या अनुपस्थितीत त्यांनी कुलाबा वेधशाळेची धुराही सांभाळली. १८४५ मध्ये मुंबईस शिक्षक तयार करण्यासाठी अध्यापकवर्ग निघाला, तेव्हा त्याचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. खेड्यापाड्यांतील होतकरू तरुण बाळशास्त्रींच्या हाताखाली येऊ लागले. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी, मे १८४६ मध्ये, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते निवर्तले. सिहोरप्रमाणे येथेही एका माणसावर भार फार होता.

दुसरे केरो लक्ष्मण छत्रे. अलिबागजवळच्या नागावचे. चुलते सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्या आश्रयाने मुंबईत शिकून हे १८४० मध्ये, सोळाव्या वर्षी, कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरीस लागले. सुमारे अकरा वर्षे हाच त्यांचा व्यवसाय होता. १८५१ मध्ये ते पुण्याच्या कॉलेजातील अध्यापक तयार करणाऱ्या शाखेत शिकवावयास आले. पुढे डेक्कन कॉलेजात ते प्राध्यापक झाले. लोकमान्य टिळक हे त्यांचे तेथील विद्यार्थी, आणि टिळकांची ज्योतिषाची आवड छत्रे यांच्यापासून आलेली, हे सर्वश्रुत आहे. डेक्कन कॉलेजातील नानांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. अध्यापकशाखेतील छत्रे यांच्याकडे तितके लक्ष गेलेले नाही. वस्तुतः ज्याने अकरा वर्षे स्वतः वेध घेतले, तो माणूस मराठी शाळांच्या भावी शिक्षकांसमोर उभा आहे, ही त्या काळात कोठेही सहज न मिळणारी गोष्ट होती. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध करून युरोपीय मानांवरून ग्रहस्थिती काढण्याचे साधन मराठी वाचकाच्या हाती दिले.

मराठी शाळांत मात्र खगोल हा स्वतंत्र विषय म्हणून कधी उभा राहिला नाही. पृथ्वीचा आकार, दिवसरात्र, ऋतू आणि ग्रहणे हा भाग भूगोलाच्या पुस्तकाच्या आरंभी येई, आणि पंतोजी तो वाचून दाखवीत. सिहोरच्या पंडिताला जे शंकूच्या छायेवरून भांडून पटवून घ्यावे लागले, ते येथे एका ओळीच्या विधानात आले. विधान खरे होते. पण ग्रहलाघवाच्या रीतीसारखेच ते आयते हाती पडले होते, आणि उपपत्ती पुन्हा एकदा मागे राहिली.

ही उणीव ज्यांना जाणवली ते स्वतः मराठी शाळेचे शिक्षक होते. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म १८५३ मध्ये दापोलीजवळच्या मुरूड येथे झाला. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते शिक्षक झाले आणि रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे अशा गावी नोकरी करीत १८९४ मध्ये त्याच ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक म्हणून परतले. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. बदलीच्या गावी पोथ्या मिळवून, तपासून, टिपणे काढून त्यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा आपला प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास लिहिला. दक्षिणा प्राइज कमिटीने त्याला पारितोषिक दिले आणि १८९६ मध्ये तो छापून निघाला. त्याच वर्षी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांचे भारतीय कालगणनेवरील इंग्रजी पुस्तकही बाहेर पडले. कृत्तिका ठीक पूर्वेस उगवतात, या शतपथ ब्राह्मणातील उल्लेखावरून त्यांनी त्या वचनाचा काळ गणिताने इसवी सनापूर्वी तीन हजार वर्षांच्या आसपास नेला. त्या निष्कर्षावर पुढे मतभेद झाले. परंतु प्राचीन वाक्य हाती आले असता ते आकाशाशी ताडून पाहण्याची त्यांची रीत आजही आदर्श वाटते.

या बृहद्ग्रंथाच्या छायेत त्यांचे ‘ज्योतिर्विलास’ झाकले जाते. ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे त्याचे दुसरे नाव. नावावरून ते करमणुकीचे वाटते, आणि ते तसे वाटावे असाच लेखकाचा हेतू असावा. परंतु ते लिहिणारा मनुष्य आयुष्यभर शिक्षकांत वावरलेला होता. रात्री अंगणात उभे राहून, दुर्बिणीवाचून, नुसत्या डोळ्यांनी काय ओळखता येते आणि ते कसे ओळखावे, हे सांगणारे मराठी पुस्तक खेड्यातील शिक्षकाला किती उपयोगी पडले असेल, हे निराळे सांगावयास नको. ट्रेनिंग कॉलेजातील त्यांची कारकीर्द जेमतेम चार वर्षांची झाली. एप्रिल १८९८ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे वय पंचेचाळिशीच्या आत होते.

सिहोरचे सूत्र मात्र सुमारे एकशे तीस वर्षांनी सिहोरच्याच शेजारी पुन्हा उचलले गेले. सिहोर जिल्हा दक्षिणेकडे नर्मदेला भिडतो. पलीकडच्या तीरावर होशंगाबाद, आताचे नर्मदापुरम. तेथे १९७२ मध्ये ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी मध्य प्रदेश शासनाच्या संमतीने सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याचा नवा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो साऱ्या जिल्ह्यात गेला, आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे तो सांभाळला. उन्हाळ्याच्या सुटीत तीन-तीन आठवड्यांची शिबिरे भरत. त्यांत शिक्षकांना व्याख्याने दिली जात नसत. मुलांनी जे प्रयोग करावयाचे ते आधी शिक्षकांनी स्वतः करावयाचे, अडावयाचे, वाद घालावयाचे, असा नियम होता. पुढे दर महिन्याला शिक्षक एकत्र बसून वर्गात आलेल्या अडचणी मांडीत. ‘बाल वैज्ञानिक’ या त्यांच्या पुस्तकात आकाशावर एक स्वतंत्र पाठ होता. त्यात चंद्राच्या कलांची स्वतः पाहून नोंद ठेवावयाची होती, आणि दिवसा एक काठी जमिनीत रोवून तिच्या सावलीच्या टोकाशी खुणा करीत जावयाचे होते. सर्वांत आखूड सावली कोणती हे सापडले, म्हणजे उत्तर दिशा सापडते.

हा कार्यक्रम २००२ मध्ये राज्य शासनाने बंद केला. तोवर तीस वर्षे होऊन गेली होती, आणि तो मध्य प्रदेशातील शेकडो शाळांत पोचलेला होता. ज्या मास्तरांनी आपल्या शाळेच्या पटांगणात काठी रोवून उत्तर शोधली होती, त्यांपैकी बहुतेकांना बारा अंगुळांचा शंकू, पलभा किंवा सुबाजी बापू ही नावे कोणी सांगितली नव्हती.